नाथाजीच्या खांद्यावरचा हात

जवळ सरका रं. आन् त्यो कंदील जरा बारीक करा. माझा मावसभाऊ नाथाजी, पाटणचा, पलटणीतला गडी. त्याच्या तोंडनं ऐकलेलं सांगतो.

चव्वेचाळीस साल. वैशाखातली आमुशा. लढाईत धरलेल्या नाथाजीला जर्मनांनी फ्रान्सातल्या छावणीत डांबलेलं. छावणीवर बॉम्ब पडलं तसा त्यो पळाला. मारी नावाच्या विधवेनं त्याला आपल्या द्राक्षमळ्यावर लपवलं. पदरात दोन लेकरं. द्राक्षाची दारू गाळणं, ह्यो त्या घरचा पिढीजात धंदा.

रातच्या जेवणाला मारीनं खुणंनं सांगितलं, खालनं तांब्याभर दारू आण. नाथाजी तळघरात उतरला. पिपाची तोटी सोडली. तवर वर बुटं वाजली.

जर्मन!

नाथाजी पिपामागं दडला. वर अधिकारी वरडत हुता. लेकरं रडाय लागली. मारीचा आवाज मातूर कापला न्हाई. "नों!" म्हंजी न्हाई. त्यो एक शबुद नाथाजीला कळायचा.

मग पिस्तुलाचा खटका वाजला.

माझ्यापायी ह्या माउलीचा जीव जाया नगं, म्हणून नाथाजी उठाय लागला...

खांद्यावर हात पडला.

मागनं. वला. जड.

वळून बघितलं. म्हातारा. पांढऱ्या मिशा. छातीवरनं काळं कायतरी वघळतंय...

म्हाताऱ्यानं मान हलवली. उठू नगंस. आन् सोता जाऊन जिन्याच्या पायथ्याला हुबा ऱ्हायला. छाती काढून.

अधिकारी उतरला. बॅटरीचा उजेड...

थांबला.

म्हातारा हलला न्हाई.

बॅटरी खाली पडली. अधिकारी तोंड न फिरवता... एकेक पायरी... वर. मोटार सुरू झाली. गेली.

मारी पळत खाली आली. नाथाजीनं हातवारं करून मिशा दाखवल्या. तिनं त्याला वर नेऊन भिंतीवरची तसबीर दाखवली. त्योच! तिच्या नवऱ्याचा पणजा. फुडं बोली कळाय लागल्यावर तिनं सांगितलं. अठराशे सत्तरच्या लढाईत जर्मनांनी दारू मागितली, तवा त्यानं पिपं फोडून मातीत सोडली, थेंब दिला न्हाई. त्याच जिन्यापाशी त्याला गोळी घातली.

मी इचारलं, "दादा, भ्यालासा न्हाई?"

"भ्यायचं कशाला रं? त्यो आपल्या बाजूचा हुता."

लढाई सरली, नाथाजी घरी आला. हरणाबाई वैनीनं पाठ चोळताना बघितलं. खांद्यावर पाच बोटं. जांभळी. राखंनं घासली, रिठ्यानं घासली. निघाली न्हाईत.

मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात. आन् दर भाद्रपदात, तिकडं द्राक्षं तोडायच्या दिसांत... ती बोटं वली व्हायची.