अभावमूल्य

प्रयोगशाळेच्या पडद्यावर समुद्राखालचा बोगदा पुढे सरकत होता. खरा बोगदा खिडकीबाहेर, कोकणच्या किनाऱ्यापासून आत, समुद्रतळाखाली खणला जात होता. पडद्यावर होती त्याची हुबेहूब प्रतिकृती. तोच खडक, तीच यंत्रं आणि तीच माणसं, त्यांच्या स्वभावांसकट. डॉ. निरुपमा सबनीस यांनी तिला नाव दिलं होतं प्रतिप्रकल्प.

"चांगल्या व्यवस्थापकाचं काम दिसत नाही, ही खरी अडचण आहे," त्या प्रकल्प संचालक शिरोडकरांना सांगत होत्या. "अपघात झाला नाही, काम अडलं नाही, भांडण पेटलं नाही. जे घडलंच नाही त्याचं श्रेय कुणाला द्यायचं? म्हणून मी उलटा प्रयोग करते. प्रतिप्रकल्पातून एक माणूस काढून घ्यायचा आणि काळ पुढे न्यायचा. त्याच्याविना जे नुकसान होईल, ते त्याचं अभावमूल्य."

प्रकल्प व्यवस्थापनाचे तीन शिकाऊ उमेदवार त्या वर्षी बोगद्यावर होते. त्यांतल्या सर्वोत्तम उमेदवाराला गौरवचिन्ह आणि दिल्लीच्या केंद्रीय कार्यालयात नेमणूक मिळायची होती. शिरोडकरांच्या मनात कौशिक होता. बैठकीत छान बोलायचा, आलेख देखणे काढायचा.

सबनीसबाईंनी कौशिकला काढून घेतलं. प्रतिप्रकल्पात काहीच बदललं नाही. दुसऱ्या उमेदवाराविना काम थोडं रेंगाळलं. मग त्यांनी स्वरूपा तांडेलला काढलं. काही काळ सगळं सुरळीत चाललं. पुढे बोगद्याच्या टोकाशी निळा रंग पसरला आणि पाच ठिपके विझले.

"पाणी," सबनीसबाई म्हणाल्या. "पाच माणसं."

शिरोडकर पडद्याजवळ सरकले. "ही मुलगी करते तरी काय?"

स्वरूपाला बोलावून तेच विचारलं, तेव्हा ती गोंधळली. "विशेष काही नाही, सर. खोदाईचे फोरमन डिमेलो आणि पंपांवरचे दरेकरकाका यांचं जुनं वैर आहे. एकमेकांना फोन करत नाहीत. खडक फुटका लागला की डिमेलो मला सांगतात. पंप दुरुस्तीला काढले की काका मला सांगतात. मी दोघांकडे चहाला जाते, याचं त्याला सांगते, इतकंच."

"त्यांचा समेट का नाही करून दिलास?"

"करतेय, सर. पण डिमेलोंचा भाऊ काकांच्या पाळीत अपघातात गेला होता. एवढ्यात होणारी गोष्ट नाही ती."

शिरोडकरांनी उठून तिचं अभिनंदन केलं. निवडीचं कारण समजावून घेताना स्वरूपाचा चेहरा मात्र उतरत गेला.

"मॅडम, यंत्रात तुम्ही मला काढलंत, तेव्हा मी मेले होते की माझी बदली झाली होती?"

"यंत्राला त्यात फरक नाही. तू इथे नसतेस, एवढंच ते धरतं."

"मग मला दिल्लीला कशाला पाठवताय?"

स्वरूपा गेल्यावर सबनीसबाईंनी तिच्या जागी कौशिकला बसवून प्रतिप्रकल्प पुन्हा चालवला. डिमेलोंनी त्याला काही सांगितलं नाही. निळा रंग पुन्हा पसरला.

"नेमणूक थांबवा," त्या शिरोडकरांना म्हणाल्या.

"आणि काय करू? चांगलं काम करते म्हणून तिला जन्मभर इथे डांबून ठेवू? असं धरलं तर कुणालाच बढती देता येणार नाही." शिरोडकर वाईट माणूस नव्हते. "डिमेलो आणि दरेकर, दोघांनाही मी एकमेकांना कळवत राहायची लेखी ताकीद देतो. शेवटी यंत्राचा अंदाज आहे तो, बाई."

"अंदाजावर विश्वास नसेल, तर गौरव कशाचा करतोय आपण?"

"म्हणजे तुमची पद्धत चुकीची आहे, असं वर कळवू?"

पद्धतीची ही पहिलीच चाचणी होती. त्यामागे सबनीसबाईंची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. दुसऱ्या दिवशी शिफारशीवर त्यांनी सही केली.

निघण्यापूर्वी स्वरूपा दोघांकडेही गेली. "आता तुम्हीच बोला एकमेकांशी," तिनं हात जोडून विनवलं. दरेकर म्हणाले, "बघू." डिमेलोंनी नुसती मान हलवली.

पावसाळा सरला. एका सकाळी खडक फुटका लागला. त्याच सकाळी दरेकरांनी दोन पंप उघडून ठेवले होते. ताकिदीचा कागद दोघांकडेही होता, पण फोन कुणीच केला नाही. डिमेलो आणि त्यांच्या टोळीतले चौघे आत राहिले. दरेकर बोगद्याच्या तोंडाशी बसून राहिले. त्यांना उठवायला गेलेल्या प्रत्येकाला ते एकच विचारत होते, "तांडेलांची पोरगी कुठाय?"

चौकशी समितीपुढे सबनीसबाईंनी काहीही लपवलं नाही. शिक्षा व्हावी अशीच त्यांची इच्छा होती.

"तुमच्या प्रतिप्रकल्पात पाणी कुठे शिरलं होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"फुटक्या खडकाच्या पट्ट्यात."

"प्रत्यक्षात?"

"तिथेच."

"आणि माणसं?"

"पाच. तीच पाच."

अध्यक्षांनी शेजारच्या सदस्याकडे पाहिलं. "म्हणजे निवड अचूक होती," ते म्हणाले.

सबनीसबाई बोलायला उठल्या. त्यांना नम्रपणे बसवण्यात आलं. ताकीद न पाळल्याचा ठपका दरेकरांवर आला. अभावमूल्याची पद्धत प्रत्यक्षात सिद्ध झाली असल्याने ती देशातल्या सर्व मोठ्या प्रकल्पांना लागू करावी, असं समितीनं सुचवलं. गौरवाचं स्वरूप तेच राहिलं. निवडलेल्या उमेदवाराला केंद्रीय कार्यालयात नेमणूक.

नव्या उमेदवारांना रुजू करून घेण्याचं काम स्वरूपाकडे आलं. तिनं दोनदा लेखी हरकत घेतली, तिसऱ्यांदा राजीनामा दिला. तो नामंजूर झाला. तिचं अभावमूल्य तिथेही मोजून झालं होतं, आणि ते मोठं निघालं होतं.

हिमालयातल्या एका धरणावरून पहिली मुलगी आली. प्रवासानं थकलेली होती, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. स्वरूपानं तिला पाणी दिलं, बसवलं.

"तिथे तुझ्या जागी कोण आहे आता?"

"कोणीच नाही, मॅडम," मुलगी अभिमानानं म्हणाली. "म्हणून तर माझी निवड झाली."