स्टिकर काढल्यावर थांबायचं

मशीन कानात नसलं की मी ओठ वाचते. त्या शनिवारी बुधवार पेठेतल्या श्रवणयंत्रांच्या दुकानात मी बंद पडलेलं मशीन काउंटरवर ठेवलं. शेजारचा मुलगा वाकला, वास घेतला आणि त्याचे ओठ म्हणाले, “आंबेमोहोर?”

“केस धुताना काढायचं विसरले. आईनं सुकवायला तांदळाच्या डब्यात पुरलं.”

“मग भात कुणी खाल्ला?”

मी रागानं बघितलं... आणि त्याच्या कानामागे माझ्यासारखंच मशीन दिसलं. मी केस मोकळे सोडून माझं लपवायचे. हा पठ्ठ्या बारीक केस कापून मिरवत होता!

मन्सूर. खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समधला. सेल घ्यायला मग आम्ही नेमके एकाच वेळी येऊ लागलो – योगायोगानं, अर्थात.

“तांदळाची पूड आत जाते, बाईसाहेब,” असं म्हणत त्यानं मला एक डबी दिली. आत बुटाच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी. “रात्री सेलचं दार उघडं टाकून यात ठेवायचं. आणि नव्या सेलचं स्टिकर काढलं की थांबायचं. हवा घेऊ दे त्याला. घाई केलीस की लवकर संपतो.”

“तू सगळ्यांनाच असं शिकवतोस?”

“छे. बाकीचे ऐकतात कुठे?”

सोमवारपासून मी दोन वेण्या घालून शाळेत जाऊ लागले. कान उघडे. बघा काय बघायचं ते!

आणि मग त्याच्या अब्बांची दूर वरणगावच्या फॅक्टरीत बदली झाली.

ट्रक निघायच्या सकाळी मी शनिवार पेठेतून खडकीपर्यंत सायकल दामटली. त्याच्या मनातलं मला ऐकायचं होतं. ओठांवरून वाचायचं नव्हतं – त्याच्या आवाजात ऐकायचं होतं. मी त्याच्यासमोर उतरले आणि सेल संपला. सगळं गप्प.

मी कानाला हात लावला. त्याला कळलं. त्यानं खिशातून नवा सेल काढला, स्टिकर सोललं. मी हिसकावायला गेले तर मान हलवली – थांब. ट्रकवाला हॉर्न दाबत असावा, सगळे वळून बघत होते. सेल मन्सूरच्या तळहातावर हवा घेत पडला होता. मन्सूरनं ओठ घट्ट मिटले होते. मला वाचता येऊ नये म्हणून...

मग त्यानं माझं मशीन मागून घेऊन सेल बसवला. मी मशीन कानात घातलं. आधी हॉर्न ऐकू आला. मग तो.

“वासंती, मला दर शनिवारी सेल लागायचेच नाहीत. खणात ढीग पडलाय... स्टिकरसकट.”

माझे डोळे भरले.

“रडू नको,” तो म्हणाला. “पाणी जाईल आत.”

ट्रक वळणाआड जाईपर्यंत मी ऐकलं त्याचं. मग मशीन काढलं, सेलचं दार उघडलं, डबीत ठेवून झाकण घट्ट लावलं.

आणि रडले. किती मोठ्यानं, ते मला नाही माहीत.