फाइलमध्ये नसलेल्या ओळी

होमा बेच्या धक्क्यामागे आमची दोन खोल्यांची कचेरी आहे. सरोवरावर वारा उठणार असेल, तर नावाड्यांच्या फोनवर एसएमएसने इशारा पाठवायचा, एवढंच आमचं काम. इशाऱ्याचा प्रोग्राम न्यागायाने लिहिलेला. दोन वर्षांपूर्वी तो सरोवरात बुडाला आणि त्याच्या जागी मी आले.

त्या आठवड्यात इंटरनेट बंद होतं. एखादं फंक्शन नेमकं काय करतं हे अडलं, की मी काळ्या पडद्यावर मदतीची कमांड देऊन त्याचं नाव टाइप करायची. लिहिणाऱ्याने कोडच्या फाइलमध्येच लिहून ठेवलेली माहिती खाली उमटायची. वाऱ्याच्या फंक्शनची आली: आकडे कोणते द्यायचे, उत्तर काय मिळतं. शेवटी एक ओळ, 'मफांगानो बेटावरचा वारामापक कमी दाखवतो.'

"न्यागाया नीट लिहून ठेवायचा हो," मी ओगुटूंना म्हटलं. ते आमचे वरिष्ठ.

चहा ढवळत ते हसले. "कोण, न्यागाया? त्याने जन्मात माहितीची एक ओळ लिहिली नाही. त्यावरून किती बोलणी खाल्लीत माझी."

मी फाइल उघडली. नुसता कोड. माहिती कुठेच नव्हती.

पुन्हा कमांड दिली. त्याच ओळी आल्या. खाली एक जास्त होती.

'आज नावा सोडू नका.'

चार वाजले होते. बाहेर स्वच्छ ऊन. पाचला ओमेना ही बारीक मासळी धरायला नावा निघणार होत्या. त्यातल्या एकीवर माझा धाकटा भाऊ ओविती.

"आकडे शांत आहेत, अवूर," ओगुटू म्हणाले. "उगाच थांबवलंस, तर उद्या तुझं कोणी ऐकणार नाही."

"नाही ऐकलं तर नाही."

मी इशारा पाठवला. लगेच ओवितीचा फोन. "ताई, तुमच्या कचेरीला खिडकी नाही का गं? आभाळ तरी बघ." पण तो थांबला.

साडेसहाला वारा आला. धक्क्यावरचे पत्रे उडाले.

पाण्यात कोणी नव्हतं.

सकाळी मी मफांगानोचे आकडे दुरुस्त करणारं एक नवं फंक्शन लिहायला बसले. दुपारपर्यंत ते चालू लागलं. माहिती अजून लिहायची होती.

सवयीने मदतीची कमांड देऊन त्याचं नाव टाइप केलं.

दोन ओळी उमटल्या.

'हे अवूरने लिहिलं.

ती फार सांभाळून काम करायची.'