तिकीटखिडकीवरची बातमी

"हा फलक चुकलाय," ती मान वर करून म्हणाली.

शिडीवरच्या माणसाने ब्रश थांबवला आणि खाली पाहिलं. शिडी डुगडुगली, म्हणजे नीटच पाहिलं असावं.

ती सातवीला विज्ञान शिकवायची. वर्ग घेऊन विज्ञान संग्रहालयात आली होती, आणि रंग बदलणाऱ्या सरड्याच्या काचपेटीवर हा गृहस्थ ताज्या रंगाने लिहीत होता की सरडा रंग बदलतो तो मनातलं सांगायला... राग, भीती, प्रेम. मुलांच्या पुस्तकात तर छापलं होतं, लपायला. मुलं एकदा फलकाकडे बघत होती, एकदा बाईंकडे.

"फलक नाही चुकला," तो शिडी उतरत म्हणाला. "पुस्तक जुनं झालंय."

"पुस्तक तज्ज्ञांनी लिहिलंय. फलक कोणी लिहिलाय?"

"मी."

"आणि तुम्ही कोण?"

"मी... फलक लिहिणारा," असं म्हणून तो नाकावरचा निळा रंग पुसायला गेला, तर रंग गालभर झाला.

मुलं खिदळली. तीही हसली असती, पण वर्गासमोर बाईंनी हरायचं नसतं. तिने ओठ दाबून धरले आणि फलक लिहिणाऱ्याला शाळेत येऊन पुरावा द्यायला सांगितलं.

तो आला. शर्टाची इस्त्री कडक, पिशवीत संशोधकांचे अहवाल. तिने फळ्यावर एका बाजूला पुस्तक लिहिलं, दुसऱ्या बाजूला फलक, आणि मुलांना तीनच प्रश्न दिले: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं? मुलांनी त्याची अशी उलटतपासणी घेतली की बिचाऱ्याला घाम फुटला. शेवटी निघालं असं, की पुस्तक बरंचसं जुनं, आणि फलकही अर्धवट. सरडा ऊन घ्यायलाही गडद होतो, आणि कधीकधी लपतोसुद्धा. आता हा वाद घालणार म्हणून ती कंबर कसून उभी राहिली. तो म्हणाला, "बरोबर आहे, माझंच राहिलं."

पुढच्या शनिवारी ती गेली तेव्हा फलक पुसून नव्याने लिहिलेला होता. आपलीच वाळलेली अक्षरं खरवडून काढणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. तिथेच तिची विकेट पडली.

मग दर शनिवारी शाळा सुटल्यावर काही ना काही निमित्त निघायला लागलं. कधी मुलांची शंका, कधी एखादी तारीख पडताळायची. तो नवा मजकूर आधी तिला दाखवायचा, ती निर्दयपणे काटछाट करायची, आणि तो एखादा शब्द तरी राहू द्या म्हणून गयावया करायचा. कागद देता-घेता बोटांना बोटं लागायची... मग दोघंही सरड्याकडे बघत बसायची. मनातलं मात्र कोणीच बोलत नव्हतं.

आणि एका बुधवारी गणिताच्या सरांनी शिक्षकखोलीत सहज सांगितलं की संग्रहालयातल्या फलकवाल्याचं लग्न ठरलंय. तिने हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कारकुनानेही तेच सांगितलं. दोघं दोन टोकांची माणसं, एकमेकांशी बोलतही नाहीत. म्हणजे खरंच असणार. ती रडली वगैरे नाही, पण त्या दिवशी तपासलेल्या वह्यांत तिने बरोबर उत्तरांवरही फुल्या मारल्या. त्या शनिवारी ती संग्रहालयाकडे फिरकली नाही. आणि मावशीने आणलेलं स्थळ, ज्याच्यासाठी आई महिनाभर तिच्या मागे लागली होती, त्याला ती पुढच्या आठवड्यात "चालेल" म्हणून गेली. होकार रविवारी कळवायचा होता. आई इतकी हरखली, की पोरीचा चेहरा का उतरलाय हे विचारायचंही विसरली.

शनिवारी वर्गात मुलांनी नवा माल आणला. एक मासिक, एक संकेतस्थळ, दोन्हींत लिहिलेलं: सरडा चौकड्याच्या कापडावर ठेवला तर चौकड्यांचा होतो. दोन वेण्यांची एक मुलगी विजयाने म्हणाली की दोघं तेच म्हणतायत, म्हणजे फलक हरला.

"दोन्ही शेजारी ठेवून बघा," ती म्हणाली. "चित्र एकच, वाक्यं तीच. दोघांनीही तिसऱ्याच कुणाचं तरी उचललंय. दोघांनी सांगितलं म्हणून दोन पुरावे होत नाहीत, बाळांनो. दोघांनी कुठून ऐकलं ते बघायचं, आणि मूळ ठिकाणी जाऊन—"

तिचा खडू थांबला.

मधल्या सुट्टीत तिने गणिताच्या सरांना गाठलं, मग कारकुनाला. दोघांनीही ऐकलं होतं ते संग्रहालयाच्या तिकीटखिडकीवर. शाळा सुटल्यावर ती तडक खिडकीवर गेली. तिथल्या बाईंनी सगळं हौसेने सांगितलं: केस कापलेत, रोज इस्त्रीचा शर्ट, दिवसभर शीळ घालतो, आणि भाड्याने दोन खोल्या शोधतोय. एकट्या माणसाला दोन खोल्या कशाला लागतात, तुम्हीच सांगा.

तो आत स्टुलावर बसून बेडकाविषयी लिहीत होता. तिला बघून उठला. गेल्या शनिवारी का आला नाहीत, असं काहीतरी विचारायला लागला, पण तिने प्रश्न पुरा करू दिला नाही.

"एक माहिती तपासायची आहे. तुमचं लग्न ठरलंय?"

"कोणी सांगितलं?"

"तिकीटखिडकीने."

"कशावरून?"

"केस, शर्ट, शीळ. आणि दोन खोल्या."

त्याने ब्रश खाली ठेवला. कान लालबुंद झाले होते. "निरीक्षणं सगळी बरोबर आहेत," तो म्हणाला. "निष्कर्ष घाईचा आहे. मुलीला अजून विचारलेलंच नाही."

"का नाही विचारलं?"

"ती चुका फार काढते हो. वाक्य नीट जमेपर्यंत म्हटलं..." तो अडखळला. मग एकदम म्हणाला, "तुम्ही मला फार आवडता. माझ्याशी लग्न कराल?"

"यात... काढण्यासारखी चूक नाही," एवढंच तिला जमलं. तो वेड्यासारखा हसत सुटला.

मग तिने फोन काढला.

"आई, मावशीला नको म्हणून कळव. हो, उद्याची वाट नको, आत्ताच. कारण?" तिने त्याच्याकडे पाहिलं. "कारण सोबतच घेऊन येतेय. चहा टाक."