दहा वर्षांनंतरची दवंडी

शेळीनं शाझियाच्या फाईलचा कोपरा खाल्ला तेव्हा सकाळचे पावणेदहा वाजले होते. खडकवळणच्या एसटी स्टँडवर ती नुकतीच उतरली होती. डिसेंबरची थंडी, हवेत कांद्याच्या रोपांचा ओला, तिखट वास... आणि नोकरीचा पहिला दिवस. शेळी लाल, धिटुकली. हजर व्हायच्या पत्रावर तिनं दुसरा चावा घेतला.

"अगं, ए! सोड! सरकारी आहे ते!"

तेवढ्यात वळणावरून भोंगा ओरडत आला. "ऐका हो ऐका! सगुणाबाईंची लाल शेळी काल सांजच्यापासून हरवली हाय! कानाला पांढरा ठिपका, स्वभावानं आगाऊ! कुणाला दिसल्यास..."

मालवाहू रिक्षा शाझियासमोर थांबली. भोंगा गप्प झाला. मग, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात —

"सापडली! शेळी स्टँडवर सापडली! शेळीबरोबर एक मॅडमपण सापडल्यात. मॅडम कुणाच्या असतील त्यांनी ओळख पटवून..."

"बंद करा तो माईक!"

"'बंद करा तो माईक' म्हणतायत," भोंग्यानं गावाला इमानदारीत कळवलं.

शाझियाला खरं तर राग यायला हवा होता. पण हसू फुटलं, आणि ते लपवायला ती शेळीवर खेकसली. रिक्षावाला खाली उतरला. कुरळे केस, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, खिशाला टेस्टर. रिक्षावर लिहिलं होतं — नईम साउंड सर्व्हिस.

"तुम्ही नव्या ग्रामसेवक?"

"हो. आणि तुम्ही?"

"मी... गावाचं तोंड," तो म्हणाला. "लग्न, मयत, हरवलं-सापडलं, बाजारभाव. सगळं माझ्याच घशातून जातं."

आता ग्रामसेवकाला आपल्याकडे भाऊसाहेब म्हणतात, हे तुम्हाला माहीतच आहे. बाई आली म्हणून गाव सवय थोडंच मोडणार? दुपारपर्यंत शाझिया शेख, बीएस्सी ॲग्री, राहणार मनमाड, ही 'भाऊसाहेब मॅडम' होऊन गेली.

पहिली ग्रामसभा तिनं मोठ्या हौसेनं लावली. सतरंज्या झटकल्या, शंभर माणसांचा चहा सांगितला. शंभर माणसं जमली तरच सभा खरी, असा कायदा. आली अकरा. त्यातली आठ चहाला.

मोतीराम शिपायानं हळूच एक कागद पुढं केला. सभा तहकूब केल्याची नोटीस. टाईप करून तयार.

"ही कधी केलीत?"

"मागल्या हप्त्यात," मोतीराम निरागसपणे म्हणाला. "दर वेळेस आधीच करून ठेवतो. ऐनवेळेला लाइट जाते ना, मॅडम."

सरपंच मल्हारी आप्पा मायेनं हसले. "असं बघा भाऊसाहेब मॅडम, पहिली सभा ही तहकूब करायलाच असते. आठ दिवसांनी तीच सभा परत लावायची. तिला माणसांची अट नसते. सात जण बसतो, चहा पितो, 'सर्वानुमते मंजूर' लिहितो. गावाला त्रास नको."

आणि झालंही तसंच. सात माणसं, अकरा मिनिटं. उठता उठता आप्पा म्हणाले, "पुढच्या महिन्याला विषय घ्या. जुन्या शाळेच्या पडीक जागेवर बारा गाळे. आपल्या सहीनं उरकून टाकू."

आपल्या सहीनं! शाझिया खोलीवर आली तरी तो शब्द डोक्यातून जाईना. ती जागा तिनं पाहिली होती. ऐन गावाच्या मध्यात, चार कडुलिंब, पडकी भिंत. संध्याकाळी शेतावरून येणाऱ्या बायका तिथं डोक्यावरच्या टोपल्या उतरवून दोन मिनिटं उभ्या राहायच्या. बसायला जागा नव्हती म्हणून उभ्याच. उद्या तिथं काय व्हावं, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि न विचारता 'सर्वानुमते' लिहायचं, ते तिच्या हातानं.

दुसऱ्या दिवशी पंचायतीचा भोंगा दुरुस्त करायला नईम खांबावर चढला होता. ती खाली उभी राहिली.

"नईमभाई, तुम्ही बोलावलं तर लोक येतील का?"

वरून पक्कड पडली. थेट तिच्या चपलेजवळ.

"लागलं असतं मला!"

"मॅडम... सगळं चालेल, शिव्या द्या. तेवढं 'भाई' नको."

"मग काय म्हणू?"

तो खांबाला धरून विचारात पडला. "नुसतं नईम. आखूड नाव आहे, बोलायला त्रास नाही."

"बरं, नुसतं नईम... येतील का?"

"नाय येणार. सभेत काय विचारता तुम्ही? अडचणी सांगा. लोक गटार सांगतात. दर वर्षी तेच गटार. आता गटारालाबी लाज वाटायला लागली."

शाझिया हसली. कडुलिंबाची एक पिवळी काडी तिच्या ओढणीवर पडली. "समजा," ती हळूच म्हणाली, "दहा वर्षांनी तू याच गावात दवंडी देतोयस. त्या जागेबद्दल. काय ओरडशील?"

नईमनं वरून तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ. इतका, की तिलाच मान खाली घालावी लागली.

त्या दिवशी संध्याकाळी सहाला भोंगा वाजला —

"ऐका हो ऐका! आज साल दोन हजार पस्तीस! जुन्या शाळेच्या जागेवर, कडुलिंबाखाली बसलेल्या बायकांनी कळवलंय, की गप्पा रंगात आल्यामुळं आज स्वयंपाक उशिरा होईल. पुरुषांनी बोंब मारू नये, भात टाकायला घ्यावा हो!"

गाव आधी चक्रावलं. मग हसलं. मग भांडायला रिक्षापाशी आलं. सगुणाबाई सगळ्यात पुढं. कांदा लावणाऱ्या चाळीस बायकांची ती मुकादम, आवाज भोंग्याच्या वरचढ.

"अय नईम! नुसत्या बसलेल्या व्हय? पोरं कुठं ठेवली आम्ही? बांधावर? आण तो माईक!" तिनं माईक हिसकावला. "ऐका! पस्तीस साली तिथं पाळणाघर हाय! माझ्या बायका पोरं ठेवून लावणीला जात्यात, आन् पोरांना इंचू चावत नाय!"

झालं. दुसऱ्या दिवशी रांग. बारावीतल्या सायलीनं सांगितलं, "दोन हजार पस्तीस. अभ्यासिका पहाटे पाचला उघडते. किल्ली मुलींकडं असते." एक म्हातारबाबा थरथरत आले. "मी तवा नसंन," ते म्हणाले. "पण तिथं एक बाक हाय, त्याच्यावर माझी दोस्तमंडळी बसली हाय, आन् मला शिव्या देत्यात."

तिसऱ्या दिवशी तर खुद्द आप्पा आले. "गाळा नंबर एक ते बारा! धंदा जोरात!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, बारा गाळे, आन् गिऱ्हाईक बसंल कुठं?" आप्पा डोकं खाजवत म्हणाले, "त्याचा विचार... केला नव्हता गड्या."

शाझिया रोज वहीत सगळं उतरवून घ्यायची. सगळे पांगले की रिक्षाच्या मागच्या फळीवर दोघं बसायचे. तो वायर गुंडाळायचा, ती पानं लावायची. गुंडाळलेली वायर तो उलगडायचा आणि परत गुंडाळायचा. मोतीरामनं हे दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळेला खोकला.

"सगळ्यांची दवंडी झाली," ती एकदा म्हणाली. "तुझी स्वतःची नाही झाली."

"माझी... मशीनमध्ये खरखर आहे जरा."

"मशीन आत्ताच चांगलं होतं."

"मशीनमध्ये नाही," तो वायरकडं बघत पुटपुटला, "माझ्यात शे."

"शे?"

"नामपूरचा आहे मी. मामाकडं राहतो इथं. घाबरलो की 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' येतं तोंडात."

"मला घाबरतोस?"

तो रिक्षाला किक मारायला गेला. रिक्षा बटण-स्टार्ट होती, हे त्याला जरा उशिरा आठवलं.

सभा बाजाराच्या दिवशी ठेवली, दुपारी तीनला. त्या दिवशी मजुरांना सुट्टी असते. आजवर सभा लावताना हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही, कोण जाणे. बाजाराच्या पिशव्या घेऊनच माणसं आली. सतरंजीवर मेथीच्या जुड्या, बोंबील, नवी चप्पल. मोतीराम हजेरीच्या सह्या मोजत होता. साठ. ऐंशी. पंचाण्णव...

नव्याण्णव.

साडेतीन झाले. दारातून कुणी येईना. मोतीरामचा हात सवयीनं खिशाकडं गेला. टाईप केलेली नोटीस तिथंच होती.

"मी आहे ना!" नईम माईक टाकून पुढं आला. पेन उचललं. "शंभरावा मी!"

शाझियानं मतदार यादीवरून बोट फिरवलं. एकदा. परत एकदा. बोट थांबलं नाही.

"तुझं नाव यादीत नाही, नईम."

त्याचा चेहरा उतरला. "नाव... नामपूरलाच शे," तो म्हणाला. सगळ्या गावाला गोळा करणारा माणूस, आणि गावाच्या मोजणीत तोच नव्हता.

"घ्या ओ मॅडम," सगुणाबाई म्हणाली. "कोण बघतंय?"

शाझियानं सभेवरून नजर फिरवली. मेथीच्या जुड्या, सायली, काठीवर हनुवटी टेकलेले बाबा. एक खोटी सही, आणि हे सगळं वाचतं. कुणी ब्र काढला नसता. आप्पासुद्धा छताकडं बघत होते.

"मी बघतेय," ती म्हणाली. "न आलेली माणसं मोजूनच तर इतकी वर्षं गेली, मावशी. चारपर्यंत थांबू. नाहीतर... तहकूब."

नईमनं हळूच पेन खाली ठेवलं. रागावला असेल? तो रिक्षाकडं पळाला, आणि भोंग्यातून आवाज आला. थट्टा नाही, लकब नाही. साधा.

"गावकरी मंडळी. एक माणूस कमी आहे. मी सहीला गेलो होतो, पण मी चालत नाही. मॅडमनी मला नाही म्हटलं, आणि बरोबर म्हटलं. ज्याचं नाव यादीत आहे, त्यानं या. फक्त एक."

चारला चार मिनिटं कमी असताना दारात एक बाई आली. धापा टाकत, हात पिठानं भरलेले. सुमनबाई. आप्पांची मंडळी.

आप्पा उठलेच. "अगं, तू? तुला म्हटलं होतं ना, येऊ नको!"

"म्हणून तर उशीर झाला," सुमनबाई म्हणाल्या. "आधी ऐकलं तुमचं. मग म्हटलं, एवढे दिवस ऐकलंच की." त्यांनी पिठाच्या हातानंच सही केली. सगुणाबाईनं अशी शीळ घातली, की बाहेर बाजारातली कुत्री भुंकायला लागली.

मग सभा झाली. खरी. दोन तास चालायची ती दीड तासात संपली, कारण म्हाताऱ्या बाबांना गाडी गाठायची होती. भांडणं झाली, दोघं रुसून बाहेर गेले, पुन्हा आत आले. शेवटी ठरलं — रस्त्याच्या अंगाला चार गाळे, त्यांच्या भाड्यावर मागं पाळणाघर आणि अभ्यासिका, कडुलिंबाखाली कट्टा. सूचक सगुणाबाई, अनुमोदक सायलीची आई. आप्पांनी विरोधात हात वर केला, खाली घेतला, आणि म्हणाले, "कट्टा मात्र गुळगुळीत करा. मलाबी बसायचंय."

शाझियानं प्रोसिडिंग लिहायला घेतलं. 'सर्वानुमते' नाही. 'चर्चेअंती, बहुमताने.' हात दुखेपर्यंत लिहिलं, आणि दुखणारा हात तिला फार आवडला.

हॉल रिकामा झाला. उन्हं कलली. टेबलावर कुणीतरी एक फॉर्म ठेवला. मतदार यादीतलं नाव दुसऱ्या गावातून इथं आणण्याचा. अक्षर वाकडं, पण पूर्ण भरलेला. नईम समोर उभा, केसांना पाणी लावून आला होता.

"रागावलास?" तिनं विचारलं.

"कशाला? आजवर मला कुणी एवढं खरं मोजलं नव्हतं." तो घुटमळला. "फॉर्म बघा ना. राहायचं इथंच. कायमचं. फक्त... कारण कुठं लिहायचं, कळलं नाही."

तिनं फॉर्म उलटसुलट केला. "कारणाला रकाना नाही यात."

"मग तोंडी सांगू?"

"तोंडी चालत नाही," ती म्हणाली. गाल तापले होते, म्हणून मान वर केली नाही. तिनं कोरा कागद पुढं ओढला. "विषय सांग. लिहून घेते."

बाहेर बाजार उठत होता, ताडपत्र्या गुंडाळल्याचा आवाज. आत तो भोंग्याशिवाय बोलत होता, म्हणून त्याला फार जड जात होतं.

"विषय... शाझिया शेख यांच्याशी... तुमची हरकत नसेल तर... म्हणजे माझ्या सगळ्या दवंड्या तुमच्यासाठीच... पहिल्या दिवसापासून..."

"सावकाश. शाझिया शेख यांच्याशी — काय?"

"निकाह," तो एका दमात म्हणाला.

पेन थांबलं. मग चालू झालं. "सूचक?"

"नईम तांबोळी."

"अनुमोदक?"

तो तिच्याकडं बघत राहिला. तिनं वर पाहिलं. "अधिकाऱ्याला अनुमोदन देता येत नाही, नईम. नियम आहे."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सहा वाजून चौदा मिनिटं. काटा सरकला, सव्वासहा झाले.

शाझियानं रजिस्टर मिटलं, पेनचं टोपण लावलं, गळ्यातलं ओळखपत्र काढून खणात ठेवलं.

"ऑफिस सुटलं," ती म्हणाली. मग तेच टोपण पुन्हा काढलं, आणि कोऱ्या कागदावर, त्याच्या नावाखाली, सावकाश आपलं नाव लिहिलं.

"मंजूर?" त्यानं विचारलं.

"अजून नाही. हा ठराव मनमाडला पाठवावा लागेल, अब्बांकडे. ते खोदून खोदून प्रश्न विचारतात." ती हसली, आणि पहिल्यांदाच मान खाली न घालता त्याच्याकडं बघत राहिली. "पण माझ्या बाजूनं तहकूब नाही."