धुऱ्यावरच्या काळ्या शेंगा

मुलांनो, डोळे मिटा आणि रक्ताचा एक थेंब समोर आणा. सुईच्या टोकावर मावेल एवढाच. तो काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला की तांबड्या चकत्यांची गर्दी दिसते. त्या गर्दीतून मधूनच एखादी पांढरी पेशी गोगलगायीसारखी सरकत असते. ती आपली राखणदार. दिसली? मग पुढचं ऐका.

तिरोड्याजवळच्या आमच्या गावात मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर सूक्ष्मदर्शक घेतला आणि दर रविवारी सकाळी मुलं ओसरीत जमू लागली. मागच्या कार्तिकात आमचे शेंगांचे प्रयोग चालू होते. कच्च्या वालाच्या दाण्यात लेक्टिन नावाचं प्रथिन असतं. पेशींच्या अंगावर साखरेचे बारीक धागे असतात, लेक्टिन ते पकडतं. दाणा वाटून त्याचं पाणी रक्तात सोडलं की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात. राखणदार पेशींना ते चिकटलं तर त्या खवळतात, बाकीच्यांना हाक मारतात. त्या धावून आल्या की ती जागा लाल होते, सुजते. दाणा चांगला उकळला की लेक्टिन मोडतं. म्हणून तर आपण वाल शिजवून खातो.

सहावीतली गुंजन एका रविवारी मूठभर काळ्या शेंगा घेऊन आली.

"आमच्या शेताच्या धुऱ्यावर उगवला जी हा वेल. कोणी लावला नाई."

"खाल्ल्या का कोणी?"

"आईनं एक दाणा चावला. तवापासून तिचा हात सुजून राहिला."

दाणा भरला की नाही हे इकडच्या बायका चावूनच बघतात आणि थुंकून टाकतात. त्यात नवल नव्हतं. पण गुंजनच्या आईचं, नंदाबाईंचं, तोंड ठीक होतं. सुजला होता उजवा हात, मनगटापासून कोपरापर्यंत. गोळ्यांनी उतरला नाही. धान कापणीला आलेलं आणि बोटांत विळा धरवत नव्हता. पंधरा दिवसांत उतरला नाही तर नागपूरला न्या, चिरावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"हात जाईन का जी आईचा?" गुंजनने विचारलं.

बघू, म्हणालो.

त्या दाण्याच्या पाण्याने रक्ताच्या गुठळ्या झाल्या. दाणा तासभर उकळला. तरीही झाल्या.

पुढच्या रविवारी नंदाबाईंना बोलावलं. दर वेळी नवी सुई घेऊन एक थेंब त्यांचा, एक माझा, एक गुंजनचा काढला. कशातही दाण्याचं पाणी घातलं नाही. माझ्या आणि गुंजनच्या थेंबात राखणदार पेशी वाट्टेल तिकडे भटकत होत्या. नंदाबाईंच्या थेंबात वीस मिनिटांनी त्या सगळ्या एका काठाला गोळा झाल्या.

टेबल तिरपं असेल म्हणून तपासलं. सपाट होतं. काच अर्धी फिरवली. पेशी वळल्या आणि पुन्हा आधीच्याच दिशेला जाऊन थांबल्या.

सूक्ष्मदर्शकात चित्र उलटं दिसतं. ते सुलटं करून दिशा धरली, तर ती तिरोड्याच्या वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्यांकडे निघाली. चिमण्यांच्या अलीकडे गुंजनच्या वडिलांची, टिकारामची, धानाची बांधी होती. तिच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तो वेल.

माझा जुना विद्यार्थी हिमांशू तिरोड्यात रक्त तपासतो. त्याला फोन केला.

"सर, मजाक करून राहिले का? उजेडाकडे जात असतील."

"काच फडक्याखाली झाकून पाहिली."

तो हसला. मग म्हणाला, "सर, ती काच फेकून द्या."

मी दिशा सांगितल्यावर संध्याकाळी टिकारामने वेल मुळासकट उपटून जाळला. सूज तसूभरही हलली नाही. गुरुवारी सकाळी मात्र ती एका रात्रीत उतरलेली होती.

रविवारी नंदाबाई हातभर बांगड्या घालून आल्या. "घ्या मास्तर, रगत. तुमची तहान भागली का कापणीले जाईन."

थेंब दिला आणि त्या हसतच गेल्या. बाकी मुलं अजून यायची होती. मी काच लावली.

पेशी पुन्हा एका काठाला होत्या. या वेळी चिमण्यांकडे नाही. दाराकडे.

दारात गुंजन बसली होती.

मी तिला समोरच्या भिंतीशी बसायला सांगितलं. वीस मिनिटं थांबलो.

पेशी भिंतीकडे होत्या.

"गुंजन, तू काय केलंस?"

"काई नाई जी. वेल जाळाच्या आधी एक दाणा काढून ठेवला होता. बुधवारी चावला."

"काऊन?"

"आईच्या मागं लागला होता. मंग माह्या मागं लागन, म्हटलं." ती थोडी थांबली. "आईले सांगू नका जी."

जे पाहिलं ते लगेच लिहून काढायचं, ही शिस्त मीच मुलांना लावली आहे. गुंजनने वही मांडीवर घेतली. उजवा हात ओढणीखाली सरकवला, पेन्सिल डाव्या हातात धरली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत तारीख लिहू लागली.