एल्बेवरची चालणारी दोरी

ज्याला ही बनवलेली गोष्ट वाटेल, त्यानं खुशाल तसं समजावं.

मी पदरचं काही घातलेलं नाही. माझी मावसबहीण नीलांबरी आणि तिचे वडील पंढरीनाथ, म्हणजे माझे काका, यांची नावं खरी आहेत. त्यांना विचारूनच लिहितोय. फक्त जर्मन गाइडचं नाव बदललंय. त्यानंच तशी अट घातली होती.

गेल्या वर्षीचा तीस ऑगस्ट. शनिवार.

रात्र नव्हती. अमावस्या वगैरे काही नव्हती. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि स्वच्छ उजाडलं होतं.

जागा... जर्मनीतल्या रीझा गावाच्या पुढे, एल्बे नदी.

नीला अकरा वर्षं ड्रेस्डेनला आहे. कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मावशी गेल्यापासून काका कराडला एकटेच राहतात. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, पण कृष्णेच्या काठी वाढलेला माणूस, हातातला गळ काही सुटला नाही. त्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून नीलानं त्यांना तीन महिने बोलावून घेतलं आणि एक दिवस मासेमारीचा गाइड बुक केला.

काकांना लाख्स बघायचा होता. लाख्स म्हणजे सॅल्मन. एल्बेतून पार नाहीसा झालेला हा मासा तिथल्या लोकांनी पुन्हा आणून सोडलाय आणि उन्हाळा संपत आला की तो समुद्रातून वर चढायला लागतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

"लाख्स धरायला बंदी आहे," गाइड फोनवर म्हणाला होता. "चुकून लागलाच, तर पाण्याबाहेर न काढता सोडायचा. चालेल?"

"बघायला मिळाला तरी पुष्कळ," काका म्हणाले.

गाइडला आपण होल्गर म्हणू. साठीचा, उंच, कमी बोलणारा. त्याची लहानशी अॅल्युमिनियमची होडी होती. मागे इलेक्ट्रिक मोटर. पुढे मासे दाखवणारा छोटा स्क्रीन. काका मधल्या फळीवर, नीला पुढे होडीच्या नाकाशी, होल्गर मागे.

पाऊस नव्हता महिनाभर. नदी आटून निम्म्यावर आली होती. काठाकाठानं वाळू उघडी पडलेली. पाण्यावर कमरेइतकं धुकं, पण वर आकाश निळं.

पहिला तास मजेत गेला. काकांनी एक मासा धरला, त्सांडर नावाचा, हातभर लांब. होल्गरनं अंगठा वर केला. काकांनीही केला. नीलानं फोटो काढून नवऱ्याला, कपिलला, पाठवला. तो कामासाठी हॅनोव्हरला होता.

मग पाखरं गप्प झाली.

नीलाला ते आधी कळलंच नाही. काठावर बदकांचा केवढा तरी कलकलाट चालला होता... आणि आता नव्हता. पलीकडच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. त्या दिसत होत्या.

आवाज येत नव्हता.

त्याच वेळी काकांच्या गळाला काहीतरी लागलं.

काकांची एक सवय आहे. हातात कितीही भारी रॉड असला तरी दोरी उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर धरायची. मासा बोटाला कळतो, म्हणतात.

"लाख्स?" होल्गर उठून उभा राहिला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

काका डोळे मिटून बसले.

"बाबा?"

"हा मासा नाही गं, नीला."

"मग? कचरा अडकलाय?"

"मासा पळतो. डोकं झटकतो." काका हळू आवाजात बोलत होते. "हे एकेक पाऊल टाकतंय..."

नीलानं ते जर्मनमध्ये सांगितलं. हसत सांगितलं.

होल्गर हसला नाही. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. खोली दोन मीटर. खाली सपाट वाळू.

बाकी काहीच नाही.

होडीखाली नाही, पुढे नाही, कुठेच नाही. आणि दोरी मात्र ताणलेली. नदीच्या वरच्या अंगाला निघालेली.

होल्गरनं मोटर सुरू केली. मागे घेतली. पूर्ण जोरात.

होडी मागे गेली नाही.

ती पुढे चालली होती. प्रवाहाच्या विरुद्ध. माणूस रस्त्यानं चालतो, त्या वेगानं.

"ही दोरी बारा किलोला तुटते," होल्गर पुटपुटला. "आपण तिघं आहोत. ही तुटायला हवी."

दोरी तुटली नाही.

पाणी उथळ होत गेलं. तळाची वाळू दिसायला लागली. नीला नाकाशी होती, तिला सगळ्यात आधी दिसलं. दोरी जिथे पाण्यात शिरत होती, तिथे मासा नव्हता. फांदी नव्हती. नुसतं काचेसारखं पाणी.

पण तळाची वाळू उडत होती.

वाळूचा एक लोट उठला... मग थोडं पुढे दुसरा... मग तिसरा.

पाण्यातून कुणी चालत जावं, तशी.

  ती सांगते, की तिचे हात फळीला असे धरले गेले होते, की सोडवता येत नव्हते. वडील तिच्यापासून दोन हातांवर बसले होते आणि ती त्यांच्यापर्यंत पोचू शकत नव्हती.

होडीचं नाक वाळूला टेकलं. होडी थांबली.

दोरी थांबली नाही.

रीळ करकरत फिरायला लागलं. दोरी पाण्यातून बाहेर आली. कोरड्या वाळूवर आली. जमिनीवर पडली नाही. कमरेइतक्या उंचीवर, ताठ, सरळ... समोरच्या धुक्यात गेलेली.

जणू कुणीतरी टोक हातात धरून काठावर चढलं होतं.

मग रीळ थांबलं.

 काकांचं बोट पुढे ताणलेलं. धुक्यात काही हलत नव्हतं.

आणि काका एकदम म्हणाले, "हो."

अगदी साध्या आवाजात. दारातून कुणी हाक मारल्यावर आपण देतो, तशी ओ.

होल्गरनं सुरी काढली.  त्यानं रॉडच्या टोकाशी दोरी कापली.

रॉड सुटून मागे आला. कापलेली दोरी वाळूवर पडली. लगेच बदकं ओरडायला लागली. रस्त्यावरचा ट्रक ऐकू आला. नीलाचे हात सुटले.

"संपलं," होल्गर म्हणाला. "संपलं, संपलं."

काकांचं बोट अजून तसंच होतं. सरळ. धुक्याकडे.

"नाही," ते म्हणाले. "अजून आहे."

परत आल्यावर होल्गरनं पैसे घेतले नाहीत. गाडीत बसताना त्यानं नीलाला एवढंच विचारलं, "तुझे वडील इथेच राहतात का?"

"नाही. दोन आठवड्यांनी भारतात जातील."

"गुट," तो म्हणाला. "लांब आहे. चांगलं आहे."

घरी आल्यावर काका जेवले, झोपले, टीव्ही पाहिला. सगळं नेहमीसारखं. फक्त ते एक बोट वाकत नव्हतं. आणि नीट पाहिलं तर हलत होतं. खेच... थांब. खेच... थांब.

नीलानं हाऊसआर्ट्झ्टला दाखवलं, म्हणजे घराजवळच्या नेहमीच्या डॉक्टरला. त्यानं नस दबली असेल म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली. तिथे सगळ्यात जवळचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाला नऊ डिसेंबरचा.

"आल्झो, डिसेंबरात मी कराडला असणार," काका हसून म्हणाले. 'तर मग' अशा अर्थाचा हा शब्द ते तिथेच शिकले होते.

विमानतळावर जायला दोघं एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, बसले. काकांचा हात मांडीवर होता. गाडीनं वळण घेतलं.

बोटानंही घेतलं.

घड्याळाच्या काट्यासारखं, सावकाश. गाडी पुन्हा वळली, बोट पुन्हा फिरलं. नीलानं फोनवर नकाशा उघडला. कशाला उघडला, असं तिला नंतर झालं.

बोट रीझाकडे होतं.

"दुखतं का हो, बाबा?"

"दुखत नाही. ओढतं."

ती मला म्हणाली, "त्या वेळी मी त्यांना थांबवायला हवं होतं की लवकर पाठवायला हवं होतं, हे मला अजून ठरवता येत नाही."

कराडला पोचल्यावर काका रोज व्हिडिओ कॉल करायचे. मागे भिंत दिसायची, कॅलेंडर दिसायचं. हात दिसायचा नाही. तिनं विचारलं की म्हणायचे, "आहे तसंच आहे. तू कामाचं बघ." साताऱ्याच्या डॉक्टरांनी हाताचे एक्स-रे काढले. काही निघालं नाही.

सोळा जानेवारीला काकांचा फोन आला. "नीला, आज सकाळपासून ओढ थांबली."

"खरंच?"

"बोट वाकतंय बघ." आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर मूठ मिटून दाखवली.

ती रडली. कपिलला सांगितलं. मला सांगितलं. दुपारी आनंदानं होल्गरलाही फोन केला.

"थांबली?" त्यानं दोनदा विचारलं. 

मग त्यानं सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ होता, राल्फ. त्याच नदीवर, तसाच आटलेला उन्हाळा. त्याची दोरी होल्गरनंच कापली होती. राल्फ हॅनोव्हरला राहायला गेला, नदीपासून दूर. चार वर्षं बोट ओढत राहिलं. मग एका सकाळी ओढ थांबली. राल्फनं खूश होऊन भावाला फोन केला.

"मग?" नीलानं विचारलं.

"अकराव्या दिवशी पोलिसांनी त्याचं दार उघडलं. आतून बंद होतं. हार्टचं होतं, असं डॉक्टरनं लिहिलं."

"तुम्ही पाहिलं त्याला?"

"हो."

"काय पाहिलं?"

"ते विचारू नकोस," होल्गर म्हणाला. मग म्हणाला, "मला माफ कर. मी दोरी लवकर कापायला हवी होती."

नीलानं मिळेल ते विमान घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती कराडला पोचली.

काका पडवीत खुर्चीवर बसले होते. ठणठणीत. तिला पाहून हसले. पण दोन्ही हात चालू होते. डावा हात कोपरात वाकवलेला, आणि उजवा त्याच्याभोवती फिरत होता. अंगठ्यापासून कोपरापर्यंत... पुन्हा अंगठ्यापासून कोपरापर्यंत. गळाची दोरी गुंडाळतात, तसा.

हातात काहीच नव्हतं.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही गं."

"थांबवा ना मग."

"थांबत नाही. हात माझं ऐकत नाहीत."

ती त्यांच्यासमोर खाली बसली. दोन्ही हातांनी त्यांचे हात धरले. ती धडधाकट बाई आहे, जिमला जाते. सत्तर वर्षांच्या माणसाच्या मनगटानं तिला सहज बाजूला सारलं, तेही काकांनी तिच्याकडे न बघता. मग त्यांना वाईट वाटलं. "लागलं का तुला?" त्यांनी विचारलं. हात चालूच होते.

"ओढ थांबली म्हणालात तुम्ही," ती म्हणाली. "सुटली म्हणालात."

"थांबली म्हणालो. सुटली असं नाही म्हणालो." काका म्हणाले. "दोरी सैल पडली की नवशिक्याला वाटतं, सुटलं. तसं नसतं. ते आपल्याकडे वळलेलं असतं."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगून तू काय करणार होतीस?"

 

तिनं सगळं केलं. पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये चार दिवस ठेवलं. औरवाडच्या एका देवऋष्याला बोलावलं, तो उंबऱ्याशी आला, आत न येताच चपला घालून निघाला. काकांना घेऊन दुसरीकडे कुठे जावं, असं एकदा म्हणाली. काका म्हणाले, "नको. एवढं लांबून चालत येतंय. आपण उगाच त्याला आणखी फिरवायचं."

रात्रंदिवस हात चालायचे. झोपेतसुद्धा. ती पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसायची.

गेल्या गुरुवारी, दुपारी जेवताना, हात थांबले.

नीला त्यांना भरवत होती. घास तसाच राहिला.

"झालं?" तिनं विचारलं.

काकांनी खाली बोटाकडे पाहिलं. मग दाराकडे.

"झालं. दोरी एवढीच होती."

मी हे लिहितोय, तेव्हा त्या गुरुवारला पाच दिवस झालेत. काही घडलेलं नाही. काका बरे आहेत. स्वतःच्या हातानं जेवतात, पेपर वाचतात. कुणी आलं नाही, काही वाजलं नाही. नीलानं रजा वाढवून घेतलीय.

आज सकाळी तिचा फोन आला. नेहमीचंच बोलली. ठेवताना म्हणाली, "एक सांगू? चहा घेऊन गेले तर बाबा पलंगाच्या अगदी कडेला सरकून झोपले होते. भिंतीच्या बाजूला जागा सोडून."

"मग?" मी विचारलं.

"मी तिथे बसायला गेले," ती म्हणाली. "त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, तिथे नको."

तिनं कारण विचारलं नाही. मीही विचारलं नाही. दुपारपासून मी तीनदा तिला फोन लावलाय.

वाजतोय. पण अजून कुणी उचललेला नाही.